चौदा नंबरची माळ

पहिल्या दिवशी मथुरेनं लुगडं गुडघ्यापर्यंत उचललं होतं, ती गोष्ट माहुलच्या कोळीवाड्यात अजून हसत हसत सांगतात.

दिवाळी नुकती सरली होती. फटफटायच्या बेतात होतं. बचत गटाच्या आठ जणी जुन्या टाक्यांच्या मैदानाच्या फाटकातून आत शिरल्या. ते मैदान कित्येक वर्षं ओसाड होतं. तेलाच्या टाक्या कापून नेल्या होत्या आणि मागं बाभळी अन् भटकी कुत्री तेवढी उरली होती. मग पत्र्याचं कुंपण पडलं, आत ठोकाठोक चालली, आणि गावाला कळलं ते एवढंच की इथं उन्हावर वीज होणार. मथुरा सगळ्यांच्या पुढं होती. वळणावर आली आणि थबकली. समोर पाणी. काळंनिळं, संथ, पार कांदळवनाच्या भिंतीपर्यंत भरलेलं, आणि त्यात विझत चाललेल्या चांदण्या पडलेल्या. उधाण आत शिरलं म्हणून तिनं लुगडं वर घेतलं आणि पाऊल जपून टाकलं.

पाऊल कोरड्या खडीवर पडलं.

"मथुरावैनी, होडी आनू का गो?" मागून वसुधा ओरडली. वसुधेची जीभ म्हणजे सुरमईचा काटा, दिसायला बारीक आणि रुतला की निघत नाही.

बायका पोट धरून हसल्या. मथुराही हसली. पण आतून ती हलली होती. पोथीत मयसभेची गोष्ट ऐकताना तिला नेहमी वाटायचं, एवढा मोठा राजा आणि त्याला पाणी न् फरशी कळू नये? आता तिच्याच पायाखाली खडी होती आणि डोळ्यांपुढं समुद्र. मग पूर्वेला तांबडं फुटलं, आणि त्या समुद्रानं रंग बदलला. एका टोकानं पेटल्यासारखा तो लाल होत होत तिच्याकडं आला. सहा हजार सातशे वीस काचेच्या प्लेटा. कोणी हललं नाही, कुठं खुट्ट वाजलं नाही. फाटकाजवळच्या पांढऱ्या खोलीत मात्र एक आकडा शून्यावरून एक झाला, एकाचे सात झाले, आणि चढतच गेला.

"झाली सुरू," सुपरवायझर लवू परब म्हणाला.

"काय सुरू झाली?"

"वीज गो. आता काय भोंगो वाजवूक होयो तुका?"

मथुरेच्या उभ्या जन्मात ताकद म्हणजे धूर, ताकद म्हणजे आवाज. गावाच्या उशाला रिफायनरीच्या चिमण्या, त्यांच्या टोकाला रात्रंदिन ज्योत. होडीचं इंजिन सुरू केलं की अर्धं बंदर काळं. आणि हे? ऊन येतं, बसतं आणि वीज होते! तिनं गमबूट काढले, खडीवर उभं राहून हात जोडले. "बूट काढून काम करायचं नाय, शॉक बसंल," असं वसुधा म्हणाली तेव्हा कुठं परत घातले.

काम सोपं दिसे, पण अंगाला येई. ऊन चढायच्या आत प्लेटा धुवायच्या, कारण तापल्या काचेवर गार पाणी पडलं की काच तडकते. एकीनं पाइप धरायचा, दुसरीनं बारा फुटी दांड्याचा मऊ ब्रश फिरवायचा, मग वायपरनं पाणी उतरवायचं. थेंब राहिला तर डाग राहतो. दांडा वर धरून खांदे भरून येत. हेल्मेटाखाली अंबाड्यातली वेणी चुरगळे. खाडीची खारी हवा, चिमण्यांची काजळी आणि थंडीत येणाऱ्या पाखरांची शीट, असं सगळं रोज नव्यानं बसलेलं असे. पण धुतलेली प्लेट मागं वळून पाहिली की तीत आकाश उतरलेलं असायचं. मासळी साफ करून चाळीस वर्षं गेली होती तिची. मासळी कितीही धुतली तरी तीत कधी ढग दिसला नव्हता.

जोडीला तिची सून समीक्षा असे. मुलगा दिपेश मोठ्या बोटीवर, पंधरा पंधरा दिवस दर्यावर. घरात ह्या दोघी आणि म्हातारा बळवंत. समीक्षा कामाला चपळ, बोलायला कमी. एकदा टाकीच्या नळाशी पाइप ओढताना तिच्या हातातली बांगडी खळकन गेली.

"आई, बांगडी फुटली बघा."

मथुरेनं पटकन तिच्या तोंडावर ओला हात धरला. "फुटली म्हनू नये बाय. वाढली म्हनावं. बांगडी वाढली, दिवा वाढवला, मंगळसूत्र वाढलं. सवाशिणीच्या जिभंवर दुसरा शबुद नको."

"वाढली," समीक्षा म्हणाली, आणि तुकडे वेचून पदरात बांधले.

मथुरेचे नेम गावाला ठाऊक होते. सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. रविवारी आदित्याचं व्रत म्हणून जेवणात मीठ नाही आणि मासळीही नाही. घरोघरी रविवारी कालवण रटरटत असताना ही अळणी भात खायची. वसुधा म्हणायची, "कोलीन आनि बिनमिठाची! दर्या लाजला असंल." अर्घ्याचा तांब्या आता मथुरा कामावरच आणायची. मैदानाच्या पूर्वेच्या टोकाला, जिथं प्लेटांची एक माळ संपते आणि नाल्यापलीकडं कांदळवन सुरू होतं, तिथून सूर्य सगळ्यात आधी दिसे. चोवीस प्लेटा एका तारेत गुंफलेल्या म्हणून बायका त्याला माळ म्हणत. तशा दोनशे ऐंशी माळा. पूर्वेच्या टोकाची ती चौदा नंबरची.

मार्गशीर्ष संपता संपता बळवंतचा श्वास अडला. चाळीस वर्षं इंजिनाचा धूर आणि बिडी, दोन्ही एकदमच वसूल करायला आले. इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी ऑक्सिजनचं एक यंत्र लावून दिलं. पिंपाएवढं, पांढरं, जमिनीवर बसून घुर्र करायचं आणि मधेच फस्स असा सुस्कारा टाकायचं. त्याची नळी बळवंतच्या नाकात. यंत्र चालू तोवर म्हातारा बरा. गप्पा मारायचा, टोमणे मारायचा. नळी काढली की ओठ निळे.

"हे कशावर चालतं?" मथुरेनं पहिल्यांदा विचारलं ते हेच.

"विजंवर," समीक्षा म्हणाली.

"कंच्या विजंवर?"

दुसऱ्या दिवशी मथुरेनं इंजिनीअर बाईंना गाठलं. ऋतिका बोरीवलीहून यायची, तिशीच्या आतली, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. "मावशी, आपली वीज तारेत मिसळते. पण वीज आधी जवळच्याला मिळते असं समजा. म्हणजे दिवसा तुमच्या गावातले पंखे बरेचसे आपल्याच उन्हावर फिरतात."

"पंखं फिरतात, तर आमच्या घरातलं ते यंत्र?"

"तेसुद्धा. का नाही?"

मथुरा जागीच उभी राहिली. तिचा नवरा उन्हावर श्वास घेत होता.

पौषातला पहिला रविवार आला. सूर्याचा महिना, सूर्याचा वार. तिनं अर्घ्य दिलं, जास्वंद वाहिलं आणि डोळे उघडले, तर सूर्य दोन. एक कांदळवनावर, एक चौदा नंबरच्या शेवटच्या प्लेटीत, तिच्या कमरेच्या उंचीवर, लालभडक, गोल. वरच्याला जन्मभर पाणी दिलं, पण हात कधी पोचला नव्हता. हा तर हाताशी होता. तिनं करंड्यातलं कुंकू तेलात कालवलं, वर हळदीचं बोट लावलं आणि काचेतल्या बिंबाच्या कपाळावर रुपयाएवढा टिळा रेखला. त्यावर चार अक्षता ठेवल्या. "देवा आदित्या, त्यांचा श्वास तुझ्या पदरात घातला," एवढंच म्हणाली.

पुढच्या धुण्याला ती त्या प्लेटीशी आली आणि तिचा ब्रश थांबला. कुंकू पुसायचं? त्याच्या नावानं लावलेलं? ब्रश आपोआप बाजूनं फिरला. "टोकाची प्लेट माझी," तिनं समीक्षेला सांगून टाकलं. समीक्षेनं मान हलवली. पुढच्या वेळी तसंच, त्याच्या पुढच्या वेळीही तसंच. टिळ्याभोवती तेल ओघळलं, तेलावर काजळी बसली, आणि पाच आठवड्यांत तिथं भाकरीएवढं कवच धरलं. लवू त्या टोकाला चिखलामुळं फिरकत नसे.

माघ लागला आणि एका सकाळी लवूनं सगळ्यांना पांढऱ्या खोलीपुढं गोळा केलं.

"चौदा नंबर परत खाली इलो. म्हयनोभर ह्याच चाललाहा. दोनशे एकोणऐंशी माळा बरोबर देतत आणि ही एकच रडता. कोण खाडो करता तां सांगा माका."

भिंतीवरच्या फळ्यावर चौदा नंबरपुढं नाव होतं समीक्षेचं.

"मी दर पाळीला धुते," समीक्षा म्हणाली. मान खाली.

"धुतंस मगे कमी कशाक पडता? वरसून मेल इलोहा. शनिवारपर्यंत कारण गावला नाय, तर सोमवारपासून बायांचा काम बंद. मशीन येतला. रुळावर चालता, पाणीसुद्दा लागना नाय. चा पण मागणा नाय."

"आनि तू? तुजी सुपरवायझरी त्या मशीनवर करशील?" वसुधानं विचारलं.

लवूनं टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणान तर सांगतंय गो. माझा पण पोट हा."

परतताना वसुधा समीक्षेच्या अंगावर गेली. "आठ जनींच्या पोटावर पाय देऊ नको बाय. दिपेस कमावतो तुजा. माज्या घरी मीच कमावते." मथुरेला वाटलं, पोरीनं निदान उलट उत्तर द्यावं. मी चुकत नाही, असं तरी म्हणावं. पण तिनं सासूकडं एकदाच पाहिलं आणि डोळे वळवले. त्या पाहण्याचा अर्थ मथुरेला तेव्हा लागला नाही.

शनिवारी भर दुपारी ऋतिका आली. हातात पिस्तुलासारखं काहीतरी, मागं छोटासा पडदा. "कॅमेरा आहे. उजेड नाही दिसत यातून, उष्णता दिसते. हेड ऑफिसकडून आज कसाबसा मिळालाय. ऊन डोक्यावर असतानाच बघायला लागतं, म्हणून थांबवलं तुम्हाला. धरा ना मावशी, बघा तरी."

मथुरेनं पदराला हात पुसून तो धरला. पडद्यात लवू आला. पण लवू कसला! केशरी-पिवळ्या रंगात पेटलेला माणूस, नाकाचा शेंडा तेवढा निळा.

"लवूचा नाक मेलाय गो," वसुधा म्हणाली, आणि एवढ्या काळजीतही आठ जणी खिदळल्या. मथुरेनं वसुधेवर कॅमेरा धरला, मग समीक्षेवर, मग स्वतःच्या हातावर. सगळ्यांच्या अंगात दिवे. माणसाच्या आत ज्योत असते असं कीर्तनात ऐकलेलं, ते असं पडद्यावर दिसेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"आता माळेवर धरा."

तिनं धरला. जांभळी-निळी शांत रांग. एक, दोन, पाच, दहा. ऋतिका तिला हळूहळू पूर्वेकडं नेत होती. वीस, बावीस, तेवीस. आणि चोविसावीच्या खालच्या कोपऱ्यात एक निखारा. पांढरा, डोळ्यात खुपणारा, जसा काही काचेला कोणी डाग दिला होता.

"ब्याऐंशी डिग्री," ऋतिकानं आकडा वाचला. "बाकीच्या पन्नासवर. सापडली."

मथुरेनं कॅमेरा खाली घेतला. तिला ठाऊक होतं तो निखारा कुठला.

ऋतिका खाली वाकली. काजळीचं कवच, मधे सुकलेला लाल गोळा, त्यात रुतलेले तांदूळ. "हे काय आहे? कोणी लावलंय?"

लवू जिभेनं चक् करून मागं सरला. "देवाचा काम दिसता. माका काय विचारू नका."

"मी लावलं," समीक्षा म्हणाली.

ऊन काचेवरून उसळत होतं. मथुरेनं सुनेकडं पाहिलं, आणि आता तिला त्या दिवशीची नजर उमगली. पोरीला पहिल्यापासून माहीत होतं. टोकाची प्लेट माझी, असं म्हटलं तेव्हापासून. पण सासूला 'तुमचं कुंकू पुसा' असं कुठली सून म्हणेल? त्यापेक्षा काम गेलं तरी चालेल, म्हणून ती गप्प बसली होती.

"खोटं बोलते ती," मथुरा म्हणाली. आवाज तिचा नेहमीसारखाच. "मी लावलं. आमच्या यांच्या श्वासासाठी लावलं. म्हनून पुसलं नाय. नाव माजं लिवा."

ऋतिका खडीवर उकिडवी बसली आणि मथुरेलाही बसवलं. "मावशी, होडीतून मासळी कशी उतरवता तुम्ही?"

"रांग लावतो. टोपली हातोहात जाते."

"एकीनं हात थांबवले तर?"

"सगली रांग थांबते. आनि मागची ढकलते ती टोपली थांबलेलीच्या छातीवर आदळते."

"तेच. माळेतून वीज तशीच जाते. तुमच्या टिळ्याखाली ऊन पोचत नाही, तिथं हात थांबतात. मागच्या तेवीस जणी ढकलतात, आणि सगळं हिच्या छातीवर. म्हणून ही जळतेय. अजून महिनाभर अशीच राहिली तर काच फुटेल."

मथुरेनं प्लेटीकडं पाहिलं. आपण देव म्हणून जिच्या कपाळी बोट लावलं, ती बिचारी पाच आठवडे उरावर टोपल्या झेलत होती.

ऋतिकानं खिशातून रुमाल काढला, तशी मथुरेनं तिचं मनगट धरलं. "तू नको. तू कुवार पोर."

"आत्ता तसंही होणार नाही. तेलकट आहे, कोरडं पुसलं तर पसरेल. पाणी मारलं तर तडकेल. उद्या उजाडताना. पण उद्या पुसायलाच लागेल, मावशी. सोमवारी मी आकडा दाखवला तरच वरचे ऐकतील."

उद्या रथसप्तमी. रविवारची.

घरी आल्यावर मथुरेनं हातपाय धुतले आणि बळवंतच्या खाटेशी बसली. यंत्र घुर्र करत होतं. तिनं सगळं सांगितलं. कॅमेऱ्यातली जळणारी माणसं, लवूचं निळं नाक, तो निखारा. नाकाचं ऐकून बळवंत इतका हसला की त्याला खोकला लागला.

"उद्या माज्या हातानं पुसायला लागंल," ती म्हणाली. "तुमच्या नावाचं कुंकू."

बळवंत छताकडं पाहत राहिला. त्याचं बोलणं आता होडीसारखं होतं, लाटेलाटेला थांबत जाणारं. "नारली पुनवेला… होडीच्या तोंडाशी… नाळेला… कुंकू कोन लावतं?"

"मीच."

"चाळीस वरसं. मग होडी पान्यात… पयली लाट… काय होतं त्या कुंकवाचं?"

"धुऊन जातं."

"तवा कवा… रडलीस? पुसलं म्हनलीस?"

"नाय. दर्यानं घेतलं म्हनतो आपन."

"मग." त्यानं डोळे मिटले. "ह्यानं नगं का घ्यायला? ह्यो बी… दर्याच की. तूच लुगडं उचललं व्हतंस."

मथुरा हसली नाही. पटलं तिला, पण पटणं वेगळं आणि हाताला धीर येणं वेगळं. दुपारभर ती त्या यंत्राचा सुस्कारा मोजत बसली. फस्स झालं की तिच्याही छातीतून श्वास सुटायचा.

रथसप्तमीला उजाडायच्या आत तिनं दारात रांगोळीनं सूर्याचा रथ काढला, सात घोड्यांच्या सात रेघा ओढल्या. बळवंत झोपेत होता. शेजारच्या पोरीला त्याच्याजवळ बसवलं, आणि सासू-सुना मैदानात आल्या. पूर्वेच्या टोकाला बाकीच्या सहा जणी आधीच उभ्या होत्या. ऋतिका बोरीवलीहून पहिल्या गाडीनं आलेली, डोळ्यांत झोप. लवू चिखल तुडवून आलेला, आणि त्यानं पाइप स्वतः ओढून आणला होता.

"वैनी," वसुधा म्हणाली. तिनं मथुरेच्या हेल्मेटाखालची वेणी सारखी केली.

कांदळवनावर सूर्याची कोर उगवली. प्लेटीतही उगवली, पण तिच्या मधोमध तो काळा डाग. मथुरेनं तांब्या उचलला. अर्घ्याचं पाणी आज तिनं जमिनीवर सोडलं नाही, त्या कवचावर सोडलं. ब्रश घेतला नाही. उजव्या हाताचा तळवा ठेवला आणि गोल गोल चोळू लागली. आधी काजळी सुटली. मग तेल. मग लाल. लाल ओघळ काचेवरून उतरला, तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आला. समीक्षा पाइपाची बारीक धार धरून होती आणि तिचे ओठ हलत होते. एकेक तांदूळ निघाला. मथुरेनं ते वेचून पदराच्या गाठीला बांधले. "घे बाबा," ती पुटपुटली, "तुजं तू घे." वायपर मारला. काच स्वच्छ झाली आणि आतला सूर्य सगळाच्या सगळा वर आला, कुठं न अडता.

मग वाट पाहणं. कोवळ्या उन्हात फरक कळत नाही, ऋतिका म्हणाली. ऊन चढू दे. तास गेला, दुसरा सरत आला. बाकीच्यांनी दुसऱ्या रांगा धुतल्या. मथुरेनं पाणीही घेतलं नव्हतं. तिच्या बोटांच्या पेरांत लाल रंग भरून राहिला होता, आणि ती त्या बोटांकडं पाहत खडीवर बसली होती. आत्ता फस्स झालं असेल. आत्ता झालं असेल. गावाच्या बाजूनं कुणी धावत येतंय का?

एवढ्यात पांढऱ्या खोलीतून ऋतिका बाहेर धावली. दोन्ही हात वर, गळ्यातली ओळखपट्टी उडतेय.

"वाढलं! मावशी, वाढलं!"

मथुरेच्या कानात तो शब्द गेला. वाढलं. सवाशिणीचं मंगळसूत्र जातं तेव्हा म्हणतात तो शब्द. तिचा हात गळ्याकडं, मण्यांकडं गेला. ती बसल्या जागी एका कुशीवर कलंडली.

समीक्षाच पोचली आधी. तिला एका क्षणात कळलं. सासूचं डोकं मांडीवर घेऊन ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, "आई! ते नव्हं! आकडा वाढला, आकडा! चौदा नंबर सगळ्यांच्या बरोबरीला आला. बाबा घरी बरे हायत. बघा, मी लावते फोन." आणि ऋतिकाकडं वळून ती रागावली, रडली, हसली, सगळं एकदम. "म्याडम, असं नाय वरडायचं हो!"

"काय चुकलं माझं?" ऋतिका धापा टाकत उभी. "वाढलंच ना?"

लवूनं पाण्याची बाटली पुढं केली. "तुमका नाय समजाचा तां. घोट घे गो मथुराबाय. सूर्य बघलंस, अर्घ्य दिलंस, आता घे."

तिनं घोट घेतला. मग वसुधेच्या खांद्याला धरून उभी राहिली आणि मैदानाकडं पाहिलं. ऊन पुरतं चढलं होतं. समोर तो सगळा निळा दर्या, आवाज नाही, धूर नाही, आणि त्यात आता कुठं हात थांबलेला नव्हता. टोपली हातोहात चालली होती, सूर्यापासून गावापर्यंत. तिनं हात जोडले. बोटं लालच होती.

फोनवर तिचं समाधान होईना. गल्लीतून ती गमबुटांतच घरी आली. उंबऱ्याशी थांबली, श्वास धरला आणि ऐकलं.

घुर्र. फस्स.

बळवंत उशीला टेकून बसला होता. शेजारची पोर त्याला रांगोळीतले घोडे मोजून दाखवत होती. त्यानं मथुरेकडं पाहिलं, तिच्या कोपरापर्यंत सुकलेल्या लाल ओघळाकडं पाहिलं.

"काय झायलं?"

"वाढलं," मथुरा म्हणाली.

बळवंतनं नाकातली नळी सारखी केली. छातीवर हात ठेवून इकडं तिकडं चाचपलं. "मी तर हाय गो… अजून."

मथुरा दाराच्या चौकटीला धरून हसू लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी आलं ते तिला कळलं नाही. ते ओठांवर आलं आणि खारट लागलं. रविवार होता. तिनं पदराच्या टोकानं ते पुसून टाकलं.